दोनदा वाचलेली ओळ

परातीत ज्वारीचं पीठ मळून झालं होतं, तव्यावर पहिली भाकरी फुगत होती आणि न्हाणीत दौलतरावांचा तांब्या बादलीवर आपटत होता. कुसुमबाईंच्या घरातली सकाळ घड्याळाशिवायही चालली असती. तांब्याचा आवाज सुरू झाला की दुसरी भाकरी, आवाज थांबला की डब्यात भाजी. मुलगी लग्न होऊन नांदेडला गेल्यापासून घरात दोघंच, त्यामुळे डबाही एकच. त्या दिवशी आंबाडीची भाजी होती, लसणाची सणसणीत फोडणी दिलेली, दौलतरावांना आवडते तशी.

तेवढ्यात दाराची कडी वाजली.

आदिलाबादच्या त्या वस्तीत सकाळी सातला कडी वाजली, की दारात कुणीतरी खेड्यातून आलेलं असायचं, हातात सुरळी केलेला कागद घेऊन. दौलतराव महसुलाच्या एका कचेरीत कारकून. जमिनीच्या जुन्या कागदाची नक्कल हवी असलेल्या लोकांना कचेरी उघडेपर्यंत दम निघायचा नाही, ते सरळ घर गाठायचे. कुसुमबाई पिठाच्या हातांनी, ‘साहेब आंघोळीला गेलेत’ हे वाक्य ओठांवर ठेवूनच दाराशी गेल्या.

दारात वच्छलाबाई होत्या, कचेरीतल्या अटेंडर. नवरा नोकरीत असतानाच वारला, त्याच्या जागेवर त्या लागल्या, त्याला आता नऊ वर्षं झाली होती. टेबलाटेबलाला पाणी देणं, जुन्या कागदांचे बस्ते काढणं-ठेवणं, घंटी वाजली की धावणं, हे त्यांचं काम. घरी त्या कधी आल्या नव्हत्या.

“जयभीम, ताई. साहेब कुठं हायेत?”

“न्हाणीत आहेत. या ना आत.”

“आत नाही येत. ते भायेर यायच्या आंधी बोलून जाते.” वच्छलाबाईंनी पदर तोंडाशी धरला. “ताई, तुमी मले शिव्या द्या, पन ऐका. पंधरा रोज झाले, तुमचा डबा मी अन् माझी पोरं खाऊन राह्यलो.”

कुसुमबाईंना आधी काही कळेचना. डबा तर रोज रिकामा येत होता. नुसता रिकामा नाही, घासूनपुसून, लख्ख. नवरा पोटभर जेवतोय या समाधानात त्यांनी सोमवारपासून एक भाकरी वाढवली होती.

“मी तर सोमवारपासून एक भाकरी जास्त घालतेय!”

“म्हून त आली! दोनाच्या तीन भाकरी झाल्या तवा मले कसंचं झालं. म्हटलं, ही बाई तिकडं खुशीनं वाढवून राह्यली अन् इकडं साहेबांच्या पोटात घास नाही. साहेब म्हनतात, वच्छलाबाई, अन्न टाकू नका, घरी न्या, डबा धुऊन आना, अन् घरी कोनाले बोलू नका. पोरं बोटं चाटून खातात, ताई. माझ्या गळ्याखाली नाही उतरत.”

न्हाणीत तांब्या वाजत होता. कुसुमबाई कुजबुजल्या, “मग जेवायच्या सुट्टीत करतात तरी काय?”

“वाचत बसतात. पट्टी ठेवून. एक ओळ वाचली, लिवली, की पुन्हा तीच वाचली. नऊ वर्षं मी पानी देऊन राह्यली ना कचेरीत, कोनाचा गिलास भरलेला वापस आला की मले समजते. साहेबांचा गिलास महिना झाला भरलेला वापस येते. परवा म्हनाले, अक्षरं हलून राह्यली. काल भायेर व्हरांड्यात खांब धरून उभे होते. जवळ गेली त म्हनाले…”

तांब्या थांबला. वच्छलाबाईंनी आवाज आणखी खाली आणला.

“म्हनाले, नोकरी सोडायचा कागद लिवून ठेवला, खिशात हाय. आता माझ्यानं होत नाही. ताई, माझं नाव नका सांगू. पन सांगाच लागलं, त सांगा.”

आणि त्या फाटकातून निघूनही गेल्या. मागे तव्यावर भाकरी करपली होती.

“कोन होतं?” दौलतरावांनी डोकं पुसत विचारलं.

“वच्छलाबाई. विरजण मागायला आल्या होत्या.”

“सरे,” म्हणून ते कपडे करायला गेले.

हे ‘सरे’ ऐकून कुसुमबाई महिनाभर हसत आल्या होत्या. कचेरीतली तेलुगू चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवणारा हा माणूस. घरात आला की ‘अवं, पानी दे’, ‘काऊन उशीर झाला’, अशी आपल्या गावची बोली. पण गेल्या महिन्यापासून भाजी वाढू का विचारलं की ‘वद्दू’, म्हणजे नको, दार लावा म्हटलं की ‘सरे’, म्हणजे बरं. कुसुमबाई म्हणायच्या, “मी काय तुमचा एमआरओ साहेब आहे का?” तेही हसल्यासारखं करायचे. आज मात्र त्यांना वाटलं, आपण कशाला हसत होतो? हा माणूस संध्याकाळी घरी येतच नाहीये. अंगानं येतोय, पण डोकं तिकडेच टेबलाशी बसून उत्तरं देतंय.

त्यांनी डबा भरला. भाकरी मात्र तीनच ठेवल्या. खाणारी लेकरं होती, हे आता त्यांना माहीत होतं.

दौलतरावांचे वडील भिवाजी जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबले. मुलाला मात्र त्यांनी हट्टानं शाळेत घातलं. निजामाचं राज्य होतं, शाळा उर्दू होती. दौलत पाच इयत्ता उर्दूत शिकला, मग राज्य बदललं, मराठीत शिकला, मग पुन्हा राज्याच्या सीमा बदलल्या आणि नोकरीसाठी तेलुगू शिकला. अठ्ठावन्न साली कचेरीत लागला तेव्हा त्यांच्या वस्तीतला खुर्चीवर बसणारा तो पहिला. भिवाजी पहिल्या दिवशी कचेरीच्या फाटकापर्यंत गेले होते. आत गेले नाहीत, मुलगा खुर्चीवर बसलेला खिडकीतून पाहिला आणि परत आले.

जुन्या मुहाफिजानं, म्हणजे दप्तरखान्याच्या राखणदारानं, या पोराला शिकस्ता वाचायला शिकवलं. शिकस्ता म्हणजे पूर्वीच्या कारकुनांची घाईची, मोडकी, एकात एक गुंतलेली उर्दू. छापील उर्दू येणारे पुष्कळ, ती वाचणारे थोडे. पंचवीस वर्षं त्या विद्येचं कुणाला फारसं काम पडलं नाही. मग चौऱ्याऐंशी साली गावोगावची पटेल-पटवारी पदं बंद झाली, पटवाऱ्यांच्या घरातले बस्ते, लाल कापडात बांधलेली ती जमिनीच्या कागदांची गाठोडी, बैलगाड्यांतून आणि जीपमधून कचेरीत येऊन पडले. आणि ज्यांना ते वाचता यायचं ते सगळे एकेक करून निवृत्त झालेले. राहिले फक्त दौलतराव.

पहिलं वर्ष तर ते हवेत होते. सोबतचे कारकून चेष्टेनं ‘मौलवीसाब’ म्हणायचे, ते यांना आवडायचं. मोठे साहेब त्यांना आत बोलावून खुर्ची द्यायचे. घरी येऊन सांगायचे, “अवं, आज साहेब म्हनाले, तुमच्याशिवाय ही कचेरी आंधळी हाय.” कुसुमबाईंनाही अभिमान वाटला होता. त्याच वाक्यात काय दडलंय ते दोघांनाही दिसलं नव्हतं. सगळ्या कचेरीचे डोळे एकाच माणसानं व्हायचं, तर त्यानं पापणी कधी मिटायची?

तीन वर्षांत गर्दी वाढत गेली. आणि या उन्हाळ्यात ती चूक झाली. चंपाबाई नावाच्या एका बाईच्या वडिलांच्या शेताची नक्कल काढताना एक ओळ सुटली. नेमकी ती ओळ चंपाबाईच्या नावाची. भावांची नावं लागली, बहिणीचं गेलं. ती बाई कागद दुसऱ्याकडून वाचून घेऊन परत आली, टेबलासमोर उभी राहिली, आणि म्हणाली, “साहेब, यात मी नाही.” दौलतरावांनी त्याच दिवशी नवी नक्कल करून दिली. कुणी रागावलं नाही, साहेबांपर्यंत गोष्ट गेलीसुद्धा नाही. पण त्या संध्याकाळी ते घरी आल्यावर म्हणाले होते, “माझ्या हातानं एक बाई कागदावरून पुसली गेली असती.” कुसुमबाईंनी ‘झालं ना दुरुस्त’ म्हणून विषय मिटवला होता.

तो मिटला नव्हता. त्या दिवसापासून दौलतराव प्रत्येक ओळ दोनदा वाचू लागले होते.

वर्षावास सुरू होता. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन चालायचं आणि बारा वर्षं वाचक एकच, दौलतराव. त्यांचा आवाज भारदस्त, उच्चार स्वच्छ. कुसुमबाई बायकांच्या बाजूला, पहिल्या ओळीत. यंदा मात्र ते वाचताना प्रत्येक ओळ दोनदा म्हणायचे. लोकांना वाटलं, अर्थ मनात ठसावा म्हणून. विहाराची व्यवस्था बघणाऱ्या नागोरावांनी तर उठून कौतुकही केलं होतं. सगळ्यात खूश होत्या ताराबाई आजी. त्यांना कमी ऐकू यायचं.

“यंदा दौलत लय झाक वाचून राह्यला वो,” त्या सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या. “पहिल्या डाव नाही ऐकू आलं, त दुसऱ्या डाव येते. इतकी वर्षं मी अर्धंच ऐकत होती.”

मागे बसणारी कॉलेजची पोरं मात्र हिशेब मांडायची, या चालीनं ग्रंथ आश्विन पौर्णिमेला संपत नाही, होळी उजाडते.

वच्छलाबाई येऊन गेल्या त्या संध्याकाळी कुसुमबाईंनी पहिल्यांदा नीट पाहिलं. ग्रंथावर लाकडी पट्टी होती, कचेरीतली. दौलतराव ओळीखाली पट्टी धरायचे, वाचायचे, पट्टी वर न्यायचे, पुन्हा वाचायचे, मग खाली. कपाळावर घाम. पान उलटताना ते आधीचं पान परत मागे करून बघत होते, काही सुटलं तर नाही ना. कुसुमबाईंना रडू आलं. एवढी माणसं समोर बसून ऐकत होती, बी.ए. झालेल्या त्या स्वतः रोज समोर बसत होत्या, आणि याला काय झालंय हे ओळखलं कुणी, तर कधी शाळेत न गेलेल्या बाईनं, पाण्याच्या भरल्या ग्लासावरून.

घरी आल्यावर ताट वाढलं. दौलतराव भातात बोटं फिरवत बसले.

“खिशातला कागद दाखवा,” कुसुमबाई म्हणाल्या.

“कोनता कागद?”

“ज्याच्यामुळे डबा वच्छलाबाईंच्या घरी जातो तो.”

दौलतराव उसळले, “तिनं काऊन सांगितलं? मी तिले बजावून सांगितलं होतं!”

“बरं झालं सांगितलं. तिच्या पोरांच्या ताटातली भाकरी जाईल हे समजून-उमजून सांगायला आली ती. एवढी खरी माणसं किती लोकांना मिळतात असं समजता तुम्ही?”

खिशातून घडी घातलेला कागद काढून दौलतरावांनी पाटाशेजारी ठेवला. स्वच्छ तेलुगूत, तारीख सोडून सगळं लिहिलेलं. निवृत्तीला सहा वर्षं होती.

“तुम्ही दमलात,” कुसुमबाई म्हणाल्या. “मन दमलंय. याला ताण म्हणतात.”

“ताण? पंख्याखाली बसून ताण?” दौलतराव कडवट हसले. “माझा बाप वैशाखात वखर धरायचा. त्याले म्हनाव ताण. मी खुर्चीवर बसून लिवतो. लोकांले सांगितलं त हसतील मले.”

“तुमचे वडील संध्याकाळी वखर शेतात ठेवून यायचे. तुम्ही रोज घरी घेऊन येता. विहारातसुद्धा घेऊन येता, पट्टीसकट.”

दौलतरावांनी मान वर केली. पट्टी लोकांना दिसते, हे त्यांना माहीतच नव्हतं.

“एक ओळ सुटली तर लोक काय म्हनतील, माहीत हाय तुले? दौलतची चूक, असं नाही म्हनत. हे असेच, खुर्चीवर बसवले तरी असेच, असं म्हनतात. तीस वर्षं मी हे धरून बसलो.”

हे मात्र ते आजवर कधी बोलले नव्हते. कुसुमबाईंनी त्यावर शहाणपणाचं काही सांगायचा प्रयत्न केला नाही. भातावर वरण घातलं आणि म्हणाल्या, “हा कागद मी फाडत नाही. कोनाड्यात ठेवते. आठ दिवसांनी द्यावासा वाटला तर द्या, मी अडवणार नाही. पण उद्या दवाखान्यात चला.”

डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा बघून भुवया वर केल्या. छातीत धडधड होते का, झोप लागते का, चिडचिड होते का, भूक, सगळं विचारलं. दौलतराव दर प्रश्नाला ‘नाही’ म्हणत होते आणि कुसुमबाई मागून ‘हो’.

“दोघांत खरं कोण बोलतंय?” डॉक्टरांनी विचारलं.

“तीच,” दौलतराव म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू आलं.

“गोळी देतो. पण गोळीनं कचेरी बदलत नाही. आठ दिवस रजा घ्या, जेवा, झोपा, सकाळी चाला.”

“आठ दिवस? अन् बस्ते?”

“किती वर्षांचे आहेत?”

“काही सत्तर, काही शंभर.”

“मग आणखी आठ दिवस थांबतील.”

रजा मिळाली, पण वर्षावासाला रजा कुठली? त्या संध्याकाळी दौलतराव विहारात वाचायला बसले. पट्टी घरी ठेवली होती, कुसुमबाईंनीच काढून घेतली होती. चार ओळी वाचल्या, प्रत्येक दोनदा. पाचवी वाचली आणि थांबले. पुन्हा तीच वाचली. पुन्हा. विहारात चुळबुळ सुरू झाली.

कुसुमबाई उठल्या. बारा वर्षांत त्या जागेवर दुसरं कुणी बसलं नव्हतं, आणि बाई तर नाहीच. त्यांनी खाली वाकून हळूच म्हटलं, “द्या इकडे. तुम्ही ऐका.” ग्रंथ हातात घेतला आणि सहाव्या ओळीपासून वाचू लागल्या.

पहिल्यांदा बोलल्या त्या ताराबाई. “ए बाई, काय वाचून राह्यली, काहीच ऐकू नाही येत! दौलतसारखं दोन डाव वाच!”

“आजी, दोनदा नाही वाचत. तुम्हीच इकडे या, माझ्या मांडीला मांडी लावून बसा.”

“म्हनजे म्हाताऱ्या मानसानंच उठाचं?”

“उठा, उठा. बारा वर्षं मागे बसलात, आज पहिल्या नंबरात या.”

लोक हसले. ताराबाई कुरकुरत पुढे येऊन बसल्या आणि पानभर वाचून झाल्यावर मोठ्यानं म्हणाल्या, “आता येते ऐकू. हे आंधीच काऊन नाही सुचलं कोनाले?”

दौलतराव बारा वर्षांनी पहिल्यांदा ऐकणाऱ्यांत बसले होते. भिंतीला पाठ टेकवून. अर्ध्या पानानंतर कुसुमबाईंनी नजर टाकली तर त्यांची मान छातीवर कलली होती, तोंड किंचित उघडं. नागोराव त्यांना हलवायला गेले. ताराबाईंनी काठी आडवी केली. “झोपू दे त्याले. लय वाचलं त्यानं.”

दुसऱ्या दिवशी नागोरावांनी दोन पानं वाचली, अडखळत, तिसऱ्या दिवशी मागे बसणाऱ्या कॉलेजच्या एका पोरीनं. कुठे शब्द चुकला, कुठे ओळ सुटली. दौलतराव सुरुवातीला प्रत्येक चुकीला दचकायचे. मग एका चुकीला शेजारचा माणूस ‘ओळ राहिली’ म्हणाला, पोरीनं ‘हो का’ म्हणून मागे जाऊन ती वाचली आणि पुढे गेली. दौलतराव त्या पोरीकडे बघतच राहिले. चूक झाली, दुसऱ्यानं सांगितली, तिनं सुधारली. एवढंच.

घरी परतताना ते म्हणाले, “अवं, सुटलेली ओळ दुसरा कोनी सांगनारा असला की इतकं सोपं असते काय?”

तो प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारलाय हे कुसुमबाईंना कळत होतं.

रजेच्या पाचव्या दिवशी वच्छलाबाई आल्या, या वेळी मान खाली घालून. दौलतराव अंगणात उभे होते. बाईंना वाटलं आता बोलणी बसणार.

“वच्छलाबाई,” ते म्हणाले, “तुमी त्या दिवशी आल्या नसत्या, त मी आज असा उभा नसतो. तुमचे उपकार हायेत माझ्यावर.”

वच्छलाबाईंना ते ऐकणं झेपेना. त्यांनी बोलणं दुसरीकडेच नेलं. “उपकार कायचे साहेब! माझी पोरं मले शिव्या देऊन राह्यली. म्हनतात, आई, तो आंबाडीवाला डबा काऊन बंद झाला?”

कुसुमबाई स्वयंपाकघरातून हसत बाहेर आल्या आणि पातेलंच हातात दिलं. जाताना वच्छलाबाईंनी एक निरोप दिला. चंपाबाई कचेरीत दोनदा येऊन गेली, साहेबांची खुर्ची रिकामी पाहून घर विचारत होती.

दौलतरावांचा चेहरा पडला. “पुन्हा काही सुटलं असन.”

संध्याकाळी चंपाबाई आलीच. डोक्यावर पाटी, पाटीत गवार, वांगी आणि एक भोपळा. पाटी उंबऱ्याशी ठेवून ती जमिनीवर बसली, खुर्चीवर बस म्हटलं तरी ऐकेना.

“कागदात काही राह्यलं का बाई?” दौलतरावांनी विचारलं. कुसुमबाईंना त्यांच्या हाताची बोटं दिसत होती, एकमेकांत गुंतलेली.

“काही नाही राह्यलं. वावरात नाव लागलं माझं. हे त्याच वावरातलं हाय.” तिनं भोपळ्यावर हात ठेवला. “भाऊ म्हने, कचेरीत एकदा राह्यलं त वर्षं जातात. मी म्हटलं, त्या साहेबानं माझ्यासमोर बसून त्याच दिवशी लिवून देल्लं. मान खाली घालून, ‘चुकलं बाई माझं’ म्हनाले. साहेब, इतक्या उमरीत मले असं कोनी म्हनलं नव्हतं.”

ती गेल्यावर दौलतराव पाटीजवळ बसून स्वतःच गवार निवडू लागले. त्या रात्री त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या. गवारीची भाजी संपली.

सातव्या दिवशी दुपारी दारात जीप थांबली. कचेरीचे प्रमुख, एमआरओ साहेब, स्वतः उतरले. वरंगलकडचे, पस्तिशीचे, बोलायला गोड. उर्दू घडाघडा बोलायचे, वाचता मात्र अक्षरही येत नव्हतं. त्यांच्यामागे ड्रायव्हरच्या हातात लाल कापडाचा बस्ता होता.

“क्या दौलतराव साब, तबियत कैसी है? आप के बगैर सब अटक गया.”

कुसुमबाई चहा टाकायला आत वळल्या, पण स्टोव्हपाशी त्यांचं लक्ष नव्हतं. कोनाड्यात तो कागद होता. उद्या आठ दिवस पूर्ण होत होते, आणि ज्याच्या हातात तो द्यायचा तो माणूस स्वतः चालत घरी आला होता. अडवणार नाही, असा शब्द त्यांनीच दिला होता.

बाहेर साहेब बोलत होते. एकच जुनी पहाणी, म्हणजे शेताचा उतारा, बघायची आहे, वरच्या कचेरीचा तगादा आहे, तुम्ही नुसती नजर टाका. ड्रायव्हरनं बस्ता टेबलावर ठेवला. दौलतरावांचा हात आपोआप गाठीकडे गेला. कुसुमबाई कपबशा घेऊन दारातच थबकल्या. हात गाठीवर एक क्षण राहिला, मग परत मांडीवर आला.

“परवा येतो साहेब, तवा बघतो. आज रजेवर हाय,” दौलतराव तेलुगूत म्हणाले, पण चाल सगळी घरच्या बोलण्यासारखी, सावकाश.

साहेब ओशाळले. चहा घेताना ते म्हणाले की आपल्यालाही हे कळायला उशीर झाला. तीन वर्षं ही कचेरी तुमच्या डोळ्यांवर चालली, आम्ही आभारसुद्धा मानले नाहीत. पंधरा ऑगस्टला तुमच्या नावाचं प्रशस्तिपत्र काढतो. टेबलावर नवा पंखा बसवतो. त्रासच होत असेल तर मंचेरियलला बदलीसाठी लिहितो, तिकडे हे बस्ते नाहीत. “बोलिए, क्या चाहिए आप को? जो बोलेंगे, मैं करूंगा.”

दौलतराव उठले. कुसुमबाईंनी कोनाड्याकडे पाहिलं. पण ते कोनाड्याकडे गेले नाहीत. साहेबांच्या हातातला रिकामा कप घेऊन त्यांनी बाजूला ठेवला आणि समोर येऊन उभे राहिले. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं, मागण्याची सवयच नव्हती, म्हणून शब्द जुळवायला थोडा वेळ लागला.

“प्रशस्तिपत्र नको साहेब, बदलीपन नको,” ते तेलुगूतच म्हणाले. “माझ्या टेबलाशेजारी एक माणूस बसवा. हे वाचायचं मी त्याले शिकवतो.”